‘चार तास नाही काढत’ म्हणाला होतास

दादा, काल तुझी तेरवी झाली. तेराव्या दिवशी नाही, चांगली उशिरा. अर्धं लाखनी मला त्यावरून आधीच बोललं होतं, उरलेलं अर्धं काल जेवून गेलं आणि मग बोललं. मोठे मामा पंगतीत वाढत होते, पण माझ्या पानाशी आले की मान दुसरीकडे करायचे. मला मात्र तुझ्या फोटोला हार घालताना जराही लाज वाटली नाही. तेरवी का लांबली हे तुला कळलं असतं तर तू पोट धरून हसला असतास, आणि हसून झाल्यावर माझ्याशी भांडायला उठला असतास. त्या भांडणासाठीच हे लिहायला बसले आहे.

तुझ्या गुणांचा पाढा वाचणार नाही. ते काम लोकांनी केलं. ‘भला पोरगा होता, कोणाच्या अध्यात ना मध्यात,’ असं एक जण माझ्या तोंडावर म्हणाला. तू अध्यातही होतास, मध्यातही होतास, आणि ज्यांचं पटत नव्हतं त्यांच्या दारात उभं राहून सांगायचास. मेलेल्या माणसाला असं गुळगुळीत करून टाकतात ते मला आवडत नाही. तू हट्टी होतास, तिरसट होतास, चहा गार झाला तर फेकायचास. मला तोच दादा हवा आहे.

आणि हो, तुझी गाडी, घोरपड, विकलेली नाही. ती राईस मिलच्या मागच्या शेडमध्ये आहे, तुझ्या जागेवर.

तुझ्या पहिल्या वेल्डिंगपासूनची गोष्ट मला पाठ आहे. हायवेवर आपलं ट्रॅक्टर-ट्रॉली दुरुस्तीचं दुकान, साकोलीहून रोज येणारा आपला फिटर गुलाब, आणि दुकानाच्या मागे, राईस मिलच्या शेडमध्ये, तू मांडलेला पसारा. लोखंडी पाइपांचा सांगाडा, अपघातात गेलेल्या एका छोट्या कारचं इंजिन, फायबरचं अंग. कुठल्या कंपनीतून निघालेली नव्हे, तर कुणीतरी शर्यतीसाठी एकच एक बनवलेली अशी गाडी. तिला प्रोटोटाइप म्हणतात हे तू सगळ्या गावाला समजावून थकलास. गाव बघायचं ते एवढंच की गाडीला दार नाही, टप नाही, आणि ती जमिनीला चिकटून चालते. लोकांनी तिला घोरपड म्हणायला सुरुवात केली. चिडवण्यासाठी ठेवलेलं नाव तू उचलून शर्यतीच्या अर्जावर लिहिलंस, आणि तिकडच्या मोठ्या मोठ्या टीमांच्या नावाखाली ‘टीम घोरपड, लाखनी’ असं छापून आलं. त्या दिवशी तू दुकानात येईल त्याला चहा पाजलास.

बाबांना हे झेपलं नसतं असं माय म्हणायची. बाबा शंकरपटातले. त्यांच्या बैलजोडीनं या भागातले कितीतरी पट मारले. झेंडा पडला की धुरळा, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच निकाल. त्यांच्या पोरानं चार-चार तास गाडी गोल गोल फिरवायची शर्यत निवडावी हे आपल्या नातेवाइकांना शेवटपर्यंत समजलं नाही. मी एकदा तुला विचारलं होतं, की एवढं लांबण कशाला, सरळ एका फेरीची शर्यत का नाही. तू पाना खाली ठेवलास.

“बाबाची जोडी जिंकली ते सगळ्यांनी पाह्यलं,” तू म्हणालास. “घरी येताना ते बैल रस्त्यात कितीदा बसले ते कोणी पाह्यलं काय? वेगात सगळेच हुशार असतेत व. मले शेवटी कोण चालून राहिला ते पाहाचं हाये.”

हे तू का म्हणत होतास ते मला कळत होतं, पण आपण त्यावर बोलत नसू. तुला सिकल होतं. लहानपणी रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरांनी मायला समजावलं, की याच्या रक्तातल्या पेशी वाकड्या होतात, नसांत अडकतात, आणि अडकल्या की हाडं ठणकतात. मायनं त्यातून पाणी भरपूर पाजायचं आणि भिजू द्यायचं नाही हे लक्षात ठेवलं. गावानं दुसरंच लक्षात ठेवलं, की हा पोरगा टिकत नाही. लग्नाचं स्थळ असो, शाळेची धावण्याची शर्यत असो, कुठेही तुझं नाव निघालं की कुणीतरी हळूच ते वाक्य म्हणायचं. तू ते ऐकत वाढलास आणि मग टिकण्याचीच शर्यत शोधून काढलीस. इतका सरळ सूड मी दुसऱ्या कुणी घेतलेला पाहिला नाही.

उन्हात, त्या तापलेल्या डब्यात बसून गाडी चालवणं तुला जमणारं नव्हतं. म्हणून तू मला बसवलंस. जोडीला गुलाब. ‘पोरीच्या जातीला’ वगैरे मामा बोलायला लागले तेव्हा तू म्हणालास, की मामा, हिले घाई नसते, म्हणून ही बसून राहिली. एवढंच. दादा, मी तुला आजवर कधी म्हटलं नाही, आता म्हणते. माझ्याबद्दल कुणी बोललेलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच आहे. बाकी सगळ्यांनी मला माझी जागा सांगितली, तू मला गाडीत जागा दिलीस.

तू स्वतः घोरपड चालवलीस ती फक्त राईस मिलच्या पटांगणात. धान वाळत घातलेलं होतं, मधे मोकळी पट्टी होती, आणि तू पहिल्या गिअरमध्ये धानाच्या ढिगांना वळसे घालत होतास. डोक्यावर माझं हेल्मेट, ते तुला घट्ट होत होतं. मिलचा मालक ओरडत होता की धानात ऑइल सांडेल. तू त्याच्याकडे बघून हात हलवलास, जसा काही तो टाळ्या वाजवत होता. मी किती हसले होते. गाडी थांबवून उतरलास तेव्हा तुझा चेहरा पांढरा पडला होता आणि तू म्हणालास, चांगली चालते, मागची बाजू जरा हलकी आहे.

पहिल्या शर्यतीचा घोळ आठवतो ना? तो आपल्याच घरात होऊ शकत होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून त्यांना आवतण देतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. वर्षभर जू वाहून सोलवटलेल्या खांद्यांची ती विचारपूस. आपले बैल तर बाबांबरोबरच गेले. गाडी टेम्पोत चढवायच्या सकाळी माय तूप-हळदीची वाटी घेऊन आली. तिचंही बरोबर होतं, धावायला निघालेल्या जनावराला तसंच कसं पाठवायचं? पण गाडीचा खांदा कोणता हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिला पुढच्या चाकांच्या आत एक चकचकीत तबकडी दिसली. तिनं तिथे हात भरून तूप चोपडलं. ती ब्रेकची तबकडी होती.

दूर दक्षिणेतल्या त्या ट्रॅकवर सरावाच्या पहिल्याच फेरीत मी वळणाआधी ब्रेक दाबला आणि गाडी अजिबात थांबली नाही. खडी, मग टायरांची भिंत, पुढचं चाक वाकडं. तपासणीचा अधिकारी तबकडीवर बोट फिरवून वास घेत होता. “हे काय आहे?” त्यानं विचारलं, आणि तू अगदी शांतपणे म्हणालास, “हळद.” आपली शर्यत तिथेच संपली. येताना सगळ्या रस्ताभर मी मायवर चिडले होते. तू घरी येऊन तिला काही बोलला नाहीस. तिला शेडमध्ये नेलंस, ड्रायव्हरच्या उजव्या खांद्यामागे जिथे चार पाइप एकत्र येतात तो सांधा दाखवलास, आणि म्हणालास, “माय, गाडीचा खांदा इथे हाये. सारा जोर यालेच बसते. इथे लावत जाय.” त्या सांध्याला तू कधी रंग दिला नाहीस. मायच्या हळदीसाठी तो उघडा ठेवलास.

दुसऱ्या शर्यतीत आपण निघालो, धावलो, आणि निम्म्यातच इंजिन तापून बंद पडलं. रेडिएटर उघडला तर आत मिलच्या पटांगणातली तणस, धानाचा वाळका पेंढा. मूठ मूठ निघाली. शेजारच्या टीमचा माणूस हसत आला आणि म्हणाला, तुमची गाडी चारा खाते का? तू म्हणालास, “खाते ना. बैलाच्या घरची हाये.” तो हसला, तूही हसलास, पण टेम्पोत चढल्यावर तू खिडकीकडे तोंड करून बसलास ते नागपूर येईपर्यंत. तुला जिंकायचं नव्हतंच. तुला एकदा, फक्त एकदा, ती गाडी शेवटचा झेंडा पडताना चालू असलेली बघायची होती.

आता त्या भांडणावर येते.

एका मोठ्या शहरातल्या टीमचा मला फोन आला. विकत घेतलेली परदेशी गाडी, कपडे त्यांचे, डॉक्टर त्यांचा, शर्यतही तीच, या वर्षीची. त्यांना एक ड्रायव्हर हवी होती. मी फोन ठेवला आणि हसत तुला सांगितलं, मला वाटलं तूही हसशील. तू ग्राइंडर बंद केलास.

“जा,” म्हणालास.

“आणि घोरपड?”

“ते चार तास नाही काढत.”

“काहून नाही काढत?”

“मी बनवली. मले माहीत.”

मी म्हटलं, मग आपण इतकी वर्षं इथे काय करत होतो, धान राखत होतो? तू ओरडलास. गुलाब चहाचा पेला घेऊन बाहेर निघून गेला. तू त्या सांध्यावर हात ठेवलास, तोच, मायच्या हळदीचा. गेल्या उन्हाळ्यात तू तो कापून नव्यानं जोडला होतास.

“याचं वेल्डिंग केलं तेव्हा माह्ये हात ठणकून राहिले होते,” तू म्हणालास. “वितळल्या लोखंडाचं पाणी आत नीट बसलं का नाही मले सांगता येत नाही. हा सुटला तर तुह्या पाठीत येते. तुले यात बसवू काय मी?”

“मग पुन्हा कर.”

“आता होत नाही, वैशे.”

त्यावर मी काय बोलायला हवं होतं हे मला लोक आता सांगतात. मी तेव्हा बोलले ते असं, की तुला होत नसेल तर गुलाब करेल, पण मी दुसऱ्याच्या गाडीत बसणार नाही, आणि तू मला हाकलून देऊ शकत नाहीस. तू म्हणालास, हाकलतच आहे. मी निघून गेले. त्याबद्दल मी माफी मागणार नाही, दादा. तू चूक होतास. मी तेव्हाही तेच म्हणत होते.

मग तुझं दुखणं या वेळी छातीत उतरलं. भंडाऱ्याला, तिथून नागपूरला. मी तुझ्या खाटेशी बसून होते. आपण पंख्याबद्दल बोललो. शेजारच्या पेशंटच्या बायकोनं दिलेल्या संत्र्याबद्दल बोललो. गाडीचं नाव ना तू काढलंस, ना मी. दोघांनाही वाटत होतं की घरी गेल्यावर पुन्हा सुरू करू, तिथूनच, जिथे सोडलं होतं. दोघंही एकाच मातीचे, आधी बोलेल तो हरला. तुझी रक्षा कारध्याला वैनगंगेत सोडली तेव्हा पुरोहित मंत्र म्हणत होते आणि मी मनात म्हणत होते, सांग ना आता, चार तास का नाही काढत ते सांग.

शर्यत नेमकी सुतकात आली. मोठे मामा ओसरीवर बसून सगळं ठरवत होते. गाडी भंगारात द्यावी, तिच्यामुळेच पोराची तब्येत ढासळली. वैशालीनं त्या मोठ्या टीमला हो म्हणावं, निदान नाव तरी होईल, पण तेही सुतक फिटल्यावर. मी सगळ्यांसमोर म्हटलं, की मी जाणार, घोरपड घेऊन जाणार, आणि परवा निघणार. मामांचा आवाज चढला. सुतकात चूल पेटत नाही आणि ही गाडी पळवायला निघाली. तेरवी कोण करेल, लोक काय म्हणतील. माय भिंतीला टेकून बसली होती. तुला नेल्यापासून ती जेमतेम दोन घास खात होती आणि कुणाशी बोलत नव्हती.

“भाऊ,” ती म्हणाली, “तुमचं सारं खरं हाये. पण बैलाले सुतक नसते.”

मामा तिच्याकडे वळून बसले.

“घरात माणूस गेला म्हणून गोठ्यातल्या बैलाले कोणी उपाशी ठेवते काय? त्याले चारा टाकाच लागते. त्याले बाहेर काढाच लागते. त्याचं काय चुकलं?” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तेरवी परत आल्यावर करू. मी पण येतो. इथे बसून कोणाचं तोंड पाहू?”

तेरवी पुढे ढकलतात का कुणी, असं मामा बराच वेळ म्हणत राहिले. पण त्यांच्या आवाजातला जोर गेला होता. दादा, मला तुझ्या गाडीसाठी भांडायला तयार असलेलं माणूस आपल्या घरात आणखी एक आहे हे माहीतच नव्हतं. तुला माहीत होतं का?

निघायच्या आधी तो सांधा राहिला होता. गुलाब म्हणाला, कापून टाकू आणि नवा करू, जोखीम कशाला. बरोबरच होतं त्याचं. पण मी म्हटलं, आधी बघू. आम्ही मायची सगळी जुनी हळद रॉकेलनं पुसून काढली, सांधा लख्ख केला. वेल्डिंग तपासायचा तो लाल रंग मारला, मुरू दिला, पुसला, आणि वरून पांढरी पावडर फवारली. आत कुठे केसाएवढी भेग असली तरी लाल रेघ पांढऱ्यावर उमटते. आम्ही दोघं उकिडवे बसून बघत राहिलो. मला मनातून कुठेतरी रेघ उमटायला हवी होती हे सांगते. म्हणजे तू खरं बोलला होतास असं तरी झालं असतं.

रेघ उमटली नाही. गुलाबनं भिंग लावून चारही बाजू पाहिल्या. मग उठला आणि हात पुसत म्हणाला, “दादाचे हात ठणकून राहिले होते म्हणते? माह्यापेक्षा बरा सांधा हाये हा.”

मी शेडच्या बाहेर येऊन खूप रडले, आणि रडताना तुझा राग येत होता. तुला खरंच तुझ्या हातावर विश्वास नव्हता? की सांधा चांगला आहे हे तुला माहीत होतं, आणि मला त्या चांगल्या गाडीत, डॉक्टरवाल्या टीममध्ये पाठवायला तू तोंडाला येईल ते बोललास? आता विचारायचं कुणाला? दोन्हीपैकी काहीही असलं तरी तू माझ्यासाठी स्वतःच्या कामाला नावं ठेवलीस, आणि हे मला अजून गिळवत नाही. स्वतःच्या कामाला कुणालाही नावं ठेवू न देणारा माणूस तू.

त्या लख्ख केलेल्या सांध्यावर मायनं पुन्हा तूप-हळद लावली. जागा चुकली नाही. “आज आवतण घ्या,” एवढंच म्हणाली आणि पुढचं तिला म्हणता आलं नाही.

शर्यतीबद्दल तुला हवं ते सगळं सांगते. तिथे गेल्यावर पहिली अडचण मायच्या चपलांची. पिटमध्ये, म्हणजे शर्यतीत गाड्या दुरुस्तीला थांबतात तिथे, बंद बूट लागतात. तिनं गुलाबचे जास्तीचे बूट घातले, पांढऱ्या साडीखाली, आणि तुझी जागा घेतली, भिंतीपाशी, ड्रायव्हरला निरोप दाखवायची फळी घेऊन. फळीवर गुलाब लिहायचा, ती धरायची. पहिल्यांदा उलटी धरली. तू त्या फळीवर ‘जेवली काय’ लिहून मला वेगात असताना हसवायचास, तसं काही नव्हतं, पण फळी दिसली की माय आहे हे कळायचं. तेवढं पुरत होतं.

रेडिएटरपुढे गुलाबनं दुहेरी जाळी लावली होती, तणस शिरली नाही. सुरुवात मी केली, मग गुलाब बसला. गाड्या आम्हाला मागे टाकत गेल्या, अगदी रस्त्यात उभं असल्यासारख्या. मला त्याचं काही वाटलं नाही. मला घाई नसते. अर्धी शर्यत झाली असेल, गुलाब आत आला आणि म्हणाला क्लचची केबल तुटली. बदलायची तर सगळी मागची बाजू उघडावी लागणार होती. तो माझ्याकडे बघत होता, कारण असं ठरवायचं काम नेहमी तुझं. मी म्हटलं, नको उघडू. बाबांच्या ट्रॅक्टरला कुठे क्लच उरला होता, त्यावरच तर शिकले. पहिला गिअर घालून सरळ स्टार्टर मारला, घोरपड दोन गचके देऊन बेडकासारखी उडी मारत निघाली. मागे कुणीतरी हसलं असेल. हसू दे.

शेवटचा टप्पा सगळा माझा होता. गिअर बदलताना इंजिनाचा आवाज ऐकून अंदाजानं दांडा सरकवायचा, चुकला की दात करकरायचे. आणि प्रत्येक उजव्या वळणाला माझा अर्धा कान मागे, उजव्या खांद्यामागे. रेघ उमटली नव्हती, भिंगानं पाहिलं होतं, तरी तुझं वाक्य तिथे बसलं होतं. हा सुटला तर तुह्या पाठीत येते. मी घाबरले होते, दादा. मी तुझ्याशी मोठमोठ्यानं बोलत होते हेल्मेटच्या आत. शिव्याही दिल्या. एक वळण झालं की म्हणायचे, काढलं. पुढचं झालं की, हेही काढलं. मला तुला पटवायचं होतं, आणि मला दुसरं काहीच नको होतं.

झेंडा पडला तेव्हा घोरपड चालू होती.

निकालाच्या कागदावर आपल्याला नंबर नाही. पहिल्या गाडीनं जेवढं अंतर काढलं त्याच्या ठरावीक वाट्याइतकं तुम्ही काढलं नाही तर तुमचा नंबर धरत नाहीत, नावापुढे तसं लिहून टाकतात. मामांनी फोन करून विचारलं, कितवा नंबर. माय म्हणाली, “नंबर नाही भाऊ. गाडी आपल्या पायानं चालून राहिली.” मामांना ते कळलं नाही आणि तिनं समजावलंही नाही. त्या मोठ्या टीमचा मॅनेजर आला होता, त्यांची गाडी मधेच बंद पडली होती. म्हणाला, पुढच्या शर्यतीसाठी जागा अजून रिकामी आहे. मी नाही म्हटलं. विचार करून नाही म्हटलं, रागानं नाही. तुला वाटत असेल मी तुझ्या आठवणीसाठी संधी घालवली, तर तसं अजिबात नाही. मला ती गाडी आवडते. मला तुझ्या हातचा सांधा पाठीशी घेऊन बसायला आवडतं. लाखनीत परत आल्यावर ज्यांनी विचारलं त्यांना मी एवढंच सांगितलं, की ती टिकली. हा शब्द मी मुद्दाम वापरला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत वापरला.

एक सांगायचं राहिलं, गाडीतून उतरायच्या आधीचं.

मी घोरपड पिटमध्ये आणली. इंजिन बंद केलं. हात स्टिअरिंगला चिकटल्यासारखे झाले होते. शेवटच्या कितीतरी फेऱ्या मी एक वाक्य घोकत आले होते, तुझ्या तोंडावर मारायला. चार तास काढले, तू हरला, आता कबूल कर. हेल्मेट ओढून काढलं आणि सवयीनं भिंतीकडे मान वळवून, तुझ्या जागेकडे बघून, ओरडले, “पाह्यलं काय, दादा?”

भिंतीपाशी गुलाबचे बूट घालून माय उभी होती, फळी छातीशी धरून.

“पाह्यलं व,” ती म्हणाली. “तू जिंकली. उतर आता.”